अमावास्येचं चांदणं

मेलेल्या माणसाबद्दल बोलताना 'होता' म्हणायचं नाही, हा आमच्या छापखान्यातला पहिला नियम. शाई सांडली तर मालक एखाद वेळ माफ करत. पण कुणी "राजे मोठे शूर होते" असं म्हणालं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. "होते म्हनजे? आता कुठी गेले?" असं ते विचारत, आणि विचारताना दाराकडे बघत, जणू राजे चपला काढून आत येतच आहेत. मालकांच्या लेखी राजे, राण्या, सरदार, किल्लेदार सगळे अजून सातपुड्याच्या पायथ्याशी आपापल्या ठिकाणी बसलेले होते आणि त्यांतल्या बऱ्याच जणांशी मालकांचं भांडण चालू होतं.

एका राजानं ऐन पावसाळ्यात शिकारीचा बेत केला आणि तेवढ्यात शत्रू नदी उतरून आला, असा मजकूर आम्ही छापत असलेल्या बखरीत होता. ते पान आलं की मालक हातातलं काम खाली ठेवत. "राजे, दुश्मन नदी उतरून राहिला अन् तुमी डुकरं मारता? कोनं सांगितलं तुमाले हे?" मग स्वतःच वैतागून म्हणत, "आयकत नाईत. कितीबी येळा सांगा, जातातच."

गावात त्यांना दगडवाले बुवा म्हणत. बुवा म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. काटक, उंच, कानात भिकबाळी, धोतरावर शाईचे डाग, आणि कमरेला दोरीनं बांधलेला एक हातभर आरसा. अमरावतीच्या बाजारातून हा माणूस आरसा बांधून चालला की पोरं मागे लागत. मालकांना त्याचं काही नव्हतं. आरसा त्यांच्या धंद्याचं हत्यार होतं.

मी मूळचा वाईकडचा. अमेरिकेत लढाई जुंपल्यामुळे विलायतेच्या गिरण्यांना तिकडची रुई मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांतली ही गोष्ट. चुलत्यांच्या ओळखीनं मी अमरावतीला एका अडत्याकडे कारकून म्हणून आलो. सगळं गाव पांढरं झालं होतं. रस्त्यात रुई, नाकात रुई, वरणात रुई. शेतकऱ्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं चढवली होती. अडत्याच्या गाठींवर लावायच्या चिठ्ठ्या मी लिहीत असे. एक दिवस त्यातली एक चिठ्ठी हातात घेऊन मालक दुकानात शिरले.

"हे अक्षर कोनाचं?"

"माझं," मी म्हणालो.

"उलटं लिता येते काय?"

मला वाटलं, माणूस थट्टा करतोय. वाईकडच्या कानांना वऱ्हाडी बोलणं आधीच तोडून बोलल्यासारखं लागतं. पण ते गंभीर होते. त्यांनी कमरेचा आरसा सोडला, चिठ्ठीसमोर धरला आणि म्हणाले, "पाहा, असं लिवाचं. येईल?" आठवड्याभरात मी अडत्याची नोकरी सोडली. कशासाठी सोडली ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. चुलत्यांनी वाईहून शिव्या लिहून पाठवल्या.

छापखाना म्हणजे गावाच्या तटाच्या, परकोटाच्या आतल्या एका बोळातली लांबट खोली, एक लाकडी दाबयंत्र आणि भिंतीशी उभे केलेले विलायती दगड. पाटीसारखे गुळगुळीत, पण चार बोटं जाड. अशा दगडावर चरबट शाईनं अक्षर लिहायचं, दगड पाण्यानं ओला करायचा आणि वरून शाईचं लाटणं फिरवायचं. पाणी असेल तिथे शाई धरत नाही, अक्षर असेल तिथे धरते. मग कागद ठेवून दाबायचा. दगडावर उलटं लिहावं तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. काम झालं की वाळूनं घासून अक्षर पुसायचं, दगड पुन्हा कोरा. मुंबईला लोक कागदावर सरळ लिहून तो कागद दगडावर उतरवीत. मालक तिथल्या एका छापखान्यात काही वर्षं राहून सगळं शिकून आले होते. पण ती पद्धत त्यांना पटत नसे. "उतरवलेलं अक्षर शिळ्या भाकरीवानी लागते," ते म्हणत. "दगडावर हात चालला पायजे. उलटं लिताना मानूस घाई करत नाई." म्हणून मी उलटं लिही, आणि ते आरसा धरून एकेक अक्षर तपासत.

पोटापाण्याला गाठींच्या चिठ्ठ्या, लग्नपत्रिका आणि भावाची पत्रकं छापत. जीव मात्र एकाच गोष्टीत होता. सातपुड्याच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं. त्या घराण्याचे लोक अजून आहेत म्हणून नाव लिहीत नाही. त्या राजांची बखर मालकांच्या घरी चालत आलेली होती. ती छापायची, वऱ्हाडातल्या घराघरात जाईल अशी छापायची, यासाठी त्यांनी हा सगळा पसारा मांडला होता.

एकदा हंगामाच्या ऐन भरात एक मोठा व्यापारी स्वतः घाम पुसत आला. गाड्या भरून उभ्या होत्या, चिठ्ठ्यांशिवाय गाठी हलत नव्हत्या. दगड मोजके. त्यांतल्या बहुतेकांवर बखरीची पानं लिहून तयार होती, ती छापून झाल्याशिवाय दगड घासता येत नव्हता.

"बुवा, हा दगड घासा आन् माह्या चिठ्ठ्या काढा. लागल थे देतो."

मालकांनी दगडाकडे बोट दाखवलं. "याच्यावर महाराज छावनीत हायेत. आताच जेवाले बसले. त्याइले उठवू?"

व्यापारी माझ्याकडे बघायला लागला. मी मान खाली घातली. शेवटी तो पाणी पिऊन बसून राहिला आणि महाराजांचं जेवण, म्हणजे त्या पानाची छपाई, संध्याकाळी आटोपल्यावर त्याच्या चिठ्ठ्या निघाल्या. पुढच्या हंगामाला तो पुन्हा आला. येताना दारातूनच विचारलं, "महाराजाइचं जेवन झालं काय?" मालकांना तो माणूस त्या दिवसापासून फार आवडायला लागला.

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. शाईसाठी काजळ धरायचं काम त्यांचं. जवसाच्या तेलाचे दिवे लावून त्यांवर मडकी पालथी घालायची आणि आतली काजळी पिसानं झाडून घ्यायची. काकू कामात पटाईत आणि तोंडानं फटकळ. "आमच्या घरी जित्त्या मानसाइपेक्षा मेलेले जास्त जेवतात," त्या म्हणायच्या. घरात मूलबाळ नव्हतं. एखाद्या पानावर लढाईत कुणी तरुण पडला की मालक त्या दिवशी जेवत नसत, आणि काकूही मग ताट झाकून ठेवत. तोंडानं मात्र म्हणत, "माह्यं पोट दुखून राहिलं."

शाईवरून एकदा मोठं बालंट आलं. छापलेल्या पुस्तकाच्या शाईत जनावराची चरबी असते, ते हातात धरलं की विटाळ होतो, असं तेव्हा पुष्कळ लोक मानत. कुणीतरी उठवलं की दगडवाल्या बुवाच्या शाईतही चरबी आहे. लग्नपत्रिका परत आल्या. एका शास्त्रीबुवांनी अंबादेवीच्या देवळापुढे चार माणसांत सांगितलं की असल्या शाईनं राजांची नावं छापणं म्हणजे महापाप. मालकांच्या कानावर गेलं. त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, देवळापुढे गर्दी असताना ते एका हातात ज्वारीची भाकरी आणि दुसऱ्या हातात शाईची वाटी घेऊन गेले. मी मागे होतो. मला वाटलं, भाषण करतील.

ते पायरीखाली मांडी घालून बसले. भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावावा तसा शाईत बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. लोक जमले. शास्त्रीबुवाही आले.

"काय खाता, बुवा?"

"शाई," मालक म्हणाले. दात काळेभोर झाले होते. "जवसाचं तेल, काजळ आन् घरचं तूप. तूप गाईचं हाय. तुमी बी बसा, महाराज."

शास्त्रीबुवा बसले नाहीत, पण हसले. हसल्यावर त्यांना मागे फिरता येईना. त्यांनी वाटीचा वास घेतला, बोटावर थेंब घेऊन चोळून बघितला आणि तूपच आहे असं सर्वांदेखत सांगितलं. मालकांनी पूर्ण भाकरी संपवली. पुढे कितीतरी दिवस त्यांचे दात काळे राहिले आणि पोटाचे जे हाल झाले त्याबद्दल काकू नंतर वर्षभर बोलत होत्या. "तूप माह्यं गेलं, पोट त्याइचं गेलं, आन् शास्त्र तिथंच!" पण पत्रिका परत येणं थांबलं.

आता बखरीतल्या त्या पानाकडे येतो.

राजांचा एक लहानसा गड होता. शत्रूनं वेढा घातला, गड बरेच दिवस लढला, आणि मग एका रात्री कुणीतरी आतून दरवाजा उघडला. गड पडला. दरवाजावर त्या रात्री दोन पहारेकरी सरदार होते. एक मालकांचे पूर्वज, दुसरे अकोल्याकडच्या एका पाटील घराण्याचे. मालकांच्या घरच्या पोथीत लिहिलं होतं की पाटलांच्या पूर्वजानं अडसर काढला, आपल्या पूर्वजानं ते बुरुजावरून पाहिलं, हाक मारली, एकट्यानं झुंज दिली आणि जखमा घेऊन राजापर्यंत खबर पोचवली. पाटलांच्या घरच्या पोथीत नेमकं याच्या उलट होतं.

या एका गोष्टीवर मालकांच्या घराण्याचा मान उभा होता. त्यांच्या गावी दसऱ्याला सोनं लुटायला पहिला मान त्यांच्या घरचा. देवीपुढे पहिली ओटी त्यांच्या घरच्या बायकांची. उलट पाटलांच्या घराकडे मालकांच्या घरचं माणूस पिढ्यानपिढ्या फिरकलं नव्हतं. मालक स्वतः अकोल्याला जाताना पाटलांच्या शेताचा बांध लागला की बैलगाडीतून तोंड फिरवून बसत. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "तू हस. तुह्या गडाचा दरवाजा कोनं उघडला नाई."

बखरीसाठी लागणारा कागद त्यांच्या थोरल्या भावानं दिला होता. दादा गावी शेती बघत. काळी जमीन, कापसाच्या त्या तीन-चार हंगामांत त्यांच्याकडे कधी नव्हे इतका पैसा आला होता. "आपल्या आज्यापंज्याचं नाव सरकारी गॅझेटावानी छापून आलं पायजे," असं म्हणून त्यांनी मुंबईहून चांगला पांढरा कागद मागवून दिला होता. दादा अक्षरशत्रू, पण पोथीतलं ते पान त्यांना तोंडपाठ. बुरुजावरून पूर्वजानं काय पाहिलं ते म्हणताना त्यांचा आवाज फुगायचा: 'टिपूर चांदणे पडले होते, त्या चांदण्यात अडसराशी माणूस दिसला, तोंड ओळखू आले.'

ते पान मी दगडावर लिहीत होतो. दुपार टळलेली. मालक शेजारी आरसा धरून बसले होते. मी एक ओळ लिहिली की ते आरशात वाचत, मान हलवत, मी पुढे जाई. पानाच्या सुरुवातीला तिथी होती. मग शत्रूची चाल: मशाली विझवल्या, घोड्यांच्या तोंडाला फडकी बांधली, काळोखात दोन टोळ्या वाट चुकल्या. त्यानंतर बुरुज. मी 'चांदणे' हा शब्द उलटा लिहून हात उचलला. मालकांची मान हलली नाही.

मी वाट पाहिली. मला वाटलं, वेलांटी चुकली.

"मालक?"

त्यांनी आरसा वर नेला, पानाच्या पहिल्या ओळीवर धरला. खाली आणला. पुन्हा वर नेला.

"वद्य अमावास्या," ते हळूच म्हणाले.

मी पोथीत पाहिलं. "हो. तसंच आहे."

"आन् खाले?"

"टिपूर चांदणं."

लहानपणापासून त्यांनी ते पान किती वेळा वाचलं असेल याला गणती नव्हती. मोठ्यानं वाचलं होतं, दसऱ्याला गावापुढे वाचलं होतं. सुलटं वाचताना माणूस पुढे पळत जातो. कथा ओढून नेते. इथे एकेक अक्षर उलट्या बाजूनं रांगत होतं, आणि अमावास्या चांदण्यापर्यंत पोचेपर्यंत त्यांना विसरता आली नव्हती.

मी म्हणालो, "तिथी चुकली असेल. लिहिणाऱ्याच्या हातून..."

"नाई. तिथी बराबर हाय." ते भिंतीकडे बघत होते. "म्हनूनच मशाली इझवल्या. म्हनूनच वाट चुकले. मागचा नदीचा मुक्काम पुनवेचा हाय, तिथून मोज. अंधार खरा हाय, बापू. चांदनंच खोटं हाय." मग म्हणाले, "त्याले कोनी दिसलं नाई."

इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच त्यांना एखाद्या मेलेल्या माणसाशी न भांडता गप्प बसलेलं पाहिलं. आपल्या पणज्याला काय बोलावं हे त्यांना सुचत नव्हतं.

आठ दिवसांत दादा आले. मालकांनीच निरोप धाडला होता. दादा खाली बसलेही नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्यानं हसले.

"इतकंच ना? आमावास्या काढ आन् पुनव टाक. एका शबदाचं तं काम हाय."

"पुनव टाकली तं शत्रू काहून येईल, दादा? चांदन्यात गडावर कोन चढते?"

"थो येते नाईतर जाते, मले काय करा लागते! आपला पंजा खोटा होता काय?"

"मले मालूम नाई," मालक म्हणाले. "मले इतकंच मालूम हाय का त्याले अंधारात तोंड ओळखू येनार नाई."

"मंग थे पान सोडून दे. छापूच नको."

"दरवाजा उघडल्याबिगर गड कसा पडंल? बखर तिथंच थांबते."

दादांचा चेहरा लाल झाला. "कागद माहा हाय. माह्या कागदावर माह्या पंज्याची बदनामी करतं?" त्यांनी बाहेर गाडीवानाला हाक मारली आणि कोरा कागद आणि छापून झालेली पानंसुद्धा बांधून गाडीत भरायला लावली. मालकांनी स्वतः एक गठ्ठा उचलून गाडीपर्यंत नेला. दादा जाता जाता काकूंकडे वळले. "बाई, याले समजावा. येत्या दसऱ्याले पैली ओटी दुसऱ्याइच्या घरची जाईल, मंग मले सांगू नका."

काकू दारात उभ्या होत्या. मूल नसलेल्या बाईला गावात तेवढाच एक मान होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दादाही ते जाणूनच बोलले होते. गाडी गेली. मालक काकूंकडे बघेनात.

काकू म्हणाल्या, "ओटीत नारळ येते, तांदूळ येते. खरं-खोटं काई येत नाई. छापा तुमी." आणि आत जाऊन मडक्यांची काजळी झाडायला लागल्या. त्या दिवशी त्यांनी इतक्या जोरानं पीस मारलं की एक मडकं फुटलं.

मालकांनी पोथीतला एकही शब्द बदलला नाही. अमावास्या ठेवली, चांदणंही ठेवलं. फक्त पानाच्या तळाशी एक रेघ ओढायला लावली आणि खाली बारीक अक्षरात माझ्याकडून दोन वाक्यं लिहून घेतली: 'अमावास्येस चांदणे नसते. छापणारा, याच घराण्यातला.'

तो एक दगड त्यांनी वेगळा काढून कापडात गुंडाळला. कागद नव्हता, म्हणून बाकीचे दगड घासले आणि नव्या कागदाचे पैसे जमवायला, पूर्वी ज्यांच्याकडे तुच्छतेनं बघत त्या गाठींच्या चिठ्ठ्या रात्रंदिवस छापायला घेतल्या. दगड कमी पडत. तो एक घासायला काढा, असं मीच दोनदा सुचवलं. ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. दसरा आला आणि गेला. काकू त्या दिवशी अमरावतीलाच राहिल्या, पुरणपोळी केली, आणि देवीची ओटी घरच्याच देव्हाऱ्यात भरली.

मग एक दिवस तार आली की अमेरिकेतली लढाई संपली. कापसाचा भाव धाडकन कोसळला. काल ज्यांच्या दारात गाड्यांची रांग होती त्यांच्या दारात वसुलीवाले बसले. चिठ्ठ्या बंद. आम्हाला वाटलं, छापखानाही बंद. पण महाराजांच्या जेवणाची चौकशी करणारा तो व्यापारी एका सकाळी छकडा घेऊन आला. छकड्यात चिठ्ठ्यांचा कोरा कागद होता, पिवळा आणि गुलाबी. पुढच्या हंगामासाठी त्यानं ढिगानं घेऊन ठेवला होता.

"आता याच्यावर काय लिवू, बुवा? घेऊन जा. नाईतर सावकार नेईल."

म्हणून वऱ्हाडात पहिल्यांदा छापलेली ती बखर पिवळ्या आणि गुलाबी कागदावर निघाली. पुसलेली सगळी पानं मी पुन्हा उलटी लिहिली. अर्धे राजे पिवळे, अर्धे गुलाबी. पुण्याच्या एका विद्वानानं ती बघून नाक मुरडलं म्हणे. मालक मात्र बांधलेली पहिली प्रत हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले, मग काकूंच्या हातात दिली. काकूंनी ती उलटसुलट करून पाहिली. "लग्नाच्या घरावानी दिसते," त्या म्हणाल्या.

दुसरी प्रत घेऊन मालक अकोल्याकडे निघाले. मलाही बरोबर घेतलं. पाटलांच्या शेताचा बांध आला तेव्हा या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही. गाडी थांबवली आणि उतरून चालत गेले. पाटील विहिरीवर मोट हाकत होते. बुटके, रुंद, आवाज विहिरीत बोलल्यासारखा. भाव पडल्यावर गड्यांना काढून ते स्वतःच कामाला लागले होते. मालकांना त्यांनी नावानिशी ओळखलं. पिढ्यानपिढ्या न बोलणारी घरं एकमेकांना फार चांगली ओळखतात.

मालकांनी पुस्तक पुढे केलं आणि ते पान उघडून दिलं. पाटलांना वाचता येत होतं. ओठ हलवत त्यांनी पूर्ण पान वाचलं, तळाची रेघ आली, खालची दोन वाक्यं वाचली. पुन्हा वाचली. मोटेचा दोर हातातच होता.

"हे तुमी सोता छापलं?"

"हो. आमच्या घरानं तुमच्या घराले इतकी वर्सं जे म्हटलं, थे मी वापस घेतो. आमच्या पंज्यानं कोनाले पाह्यलंच नाई."

पाटील बांधावर बसले. बैल सोडून दिले. डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"बुवा, तुमी खरं बोलले तं मले बी बोला लागते. आमच्या घरी पोथी नोतीच. तुमच्या पोथीत काय लिवलं थे आमच्या आज्याच्या कानावर गेलं, तवा त्यानं रागानं एक बामन बसवून आमची लिवून घेतली. तुमचं नाव होतं तिथं आमचं टाकलं, आमचं होतं तिथं तुमचं टाकलं. आमाले बी मालूम नाई दार कोनं उघडलं."

मला वाटलं, मालक चिडतील, नाहीतर रडतील. मालकांनी मांडीवर थाप मारली.

"म्हनजे कोनालेच मालूम नाई!"

"नाई. आन् तुमी इतके खुश काहून होऊन राह्यले?"

"अजून शोधाचं हाय ना, पाटील! आपल्या लोकाइनं आपापलं लिवलं. पन दार ज्याच्यासाठी उघडलं, त्याले तं मालूम असंल! शत्रूनं बी बखर लिवली असंलच. एलिचपुरात एक म्हातारे मुनशी हायेत, त्याइच्या घरी फारशी तवारिखा हायेत म्हनते." ते उठलेच. गाडीकडे चालायला लागले.

"भाकर तं खा!" पाटील ओरडले.

"वाटेत खाऊ!"

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं, पागोटं डोक्यावर ठेवलं. "थांबा, मी बी येतो. दार उघडनारा निघालाच आमचा पंजा, तं मी समोर असलेला बरा."

एलिचपूरपर्यंत दोघं गाडीत शेजारी बसून भांडत गेले. मुनशीजी फार म्हातारे, फार अदबशीर. त्यांनी रेशमी बस्ता सोडला, तवारीख काढली, चष्मा सावरून त्या गडाचं पान शोधलं. आधी फारसीत वाचलं, मग आमच्यासाठी हिंदुस्तानीत सांगितलं. वेढा, अंधारी रात, मशाली विझवलेल्या, सगळं होतं. मालक पुढे सरकत सरकत मुनशीजींच्या गुडघ्याला लागले होते. पाटलांनी डोळे मिटून घेतले होते.

"आगे लिखा है," मुनशीजी म्हणाले, "के खुदा की मेहरबानी से दरवाज़ा खुल गया."

"अपने आप?" मालकांनी विचारलं.

"यही लिखा है."

मग मालक हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पाटीलही हसायला लागले आणि मुनशीजींनी घाबरून आतून सरबत मागवलं. "आता खुदालेच इचारा लागते," मालक डोळे पुसत म्हणाले.

त्यानंतर दोघं मिळून अजून कुठे कुठे हिंडले. जुनी देवळं, भाटांची घरं, एका गोसाव्याचा मठ. दर पावसाळ्यानंतर पाटील गाडी घेऊन येत आणि मालक तयारच असत. काही हाती लागलं नाही. त्यांना त्याचं दुःख झालेलं मी पाहिलं नाही.

मालक गेले तेव्हा मी स्वतःचा लहानसा छापखाना काढून अकोल्याला होतो. बातमी कळताच आलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. दादा आले होते. इतक्या वर्षांत बोलले नव्हते, त्या दिवशीही कुणाशी बोलले नाहीत, पण तिरडीच्या पुढच्या दोन खांद्यांतला एक त्यांनी न सांगता घेतला. दुसरा पाटलांनी हक्कानं मागून घेतला. उचलण्याआधी पाटील खाली वाकले, मालकांच्या कानाशी तोंड नेलं. मी जवळच होतो.

"इचारून ठेवजा, बुवा," ते म्हणाले. "मी येतोच मांगून."